इकेल नही, मंग टॅक्स कसाना?

माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं आणि पोटापाण्याचा उद्योग दोन्ही गावांतल्या लोकांचे आयकराचे रिटर्न भरण्याचा. जुलै उजाडला की धुळ्याच्या देवपुरातला एक पोरगा मोबाइल घेऊन समोर येऊन बसतो. वडिलांचं किराण्याचं होलसेल दुकान आहे, याचा सगळा जीव क्रिप्टोत. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ताई, मी काही इकेल नही, मंग टॅक्स कसाना?"

कायद्यापुरतं बोलायचं तर पोरगं बरोबर आहे. नुसतं जवळ ठेवल्याचा कर आपल्याकडे नाही. १ एप्रिल २०२२ पासून जो कर आला तो विकल्यावर. नफ्यावर सरसकट ३० टक्के, त्यावर ४ टक्के उपकर, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून १ टक्का टीडीएस. बिटकॉइन देऊन इथेरियम घेतलं तरी ती विक्रीच धरतात, हे मात्र त्याच्या गळी उतरवताना माझा घसा सुकतो. बँकेत रुपया आला नाही म्हणजे काही घडलंच नाही, असं त्याला मनापासून वाटतं.

पण त्याचं खरं म्हणणं याच्या पुढचं आहे. सरकार याला चलन मानत नाही, बुडालं तर भरून देत नाही, मग आज ना उद्या वाटा मागणार तो कुठल्या तोंडाने? आणि उद्या कुणी ठेवल्याचाही कर लावला तर? हे मी कलमं दाखवून मिटवू शकत नाही. कुणाचं काय देणं लागतो, हा प्रश्न माणसं आयकर खातं जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून देवळात आणि मशिदीत विचारत आली आहेत.

त्याच्या घरचं एक लक्ष्मीपूजन मी पाहिलं आहे. पाटावर नव्या चोपड्या, चांदीची नाणी, आईचं मंगळसूत्र, लाह्या-बत्तासे, आणि त्या सगळ्यात पेन ड्राइव्हसारखं दिसणारं एक काळं यंत्र. त्यात याच्या क्रिप्टोच्या चाव्या. आईने श्रद्धेने हळदकुंकू वाहिलं ते नेमकं केबल खुपसायच्या फटीत गेलं. पोरगा टूथब्रश घेऊन ते साफ करत बसला आणि वडील गल्ल्यावरच्या आवाजात म्हणाले, "पूजा तं करी लिन्ही, आते ते धन नही आसं कसं म्हनशी?"

म्हाताऱ्याने माझं काम अर्धं करून टाकलं. या पोरांच्या संपत्तीला दोन तोंडं आहेत. माझ्या टेबलापुढे ती पडद्यावरचा आकडा असते, "आज आहे, उद्या नाही, त्याचं काय धरता?" लग्नाच्या बोलण्यात तीच संपत्ती मुलाच्या शिक्षणानंतर आणि शेतीच्या आधी सांगितली जाते. मुलीकडच्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसलं तरी ते मान हलवतात. त्यावर मान मिळतो, उधारी मिळते, झोप लागते. एवढं सगळं जे देतं ते आपल्याकडे नाहीच, असं म्हणणं मला पटत नाही, मग कायदा काहीही म्हणो.

"सरकारने काय दिलं?" याचं उत्तर १८ जुलै २०२४ ला मिळालं होतं. वझीरएक्स या एक्स्चेंजवरून साधारण २३ कोटी डॉलरचा, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांच्या आसपासचा ऐवज चोरीला गेला आणि लोकांना पैसे काढता येईनात. जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या चहाच्या टपरीवर त्या आठवड्यात एकच चर्चा होती: सरकार झोपलंय का, पोलीस काय करताहेत, कोर्टात कधी उभं राहणार. सरकार-बँक काही नको म्हणून निघालेल्या पैशाला पहिल्याच ठेचेला सरकार आठवलं. मी कुणाला चिडवलं नाही. चोरी झाली की राजाकडे धावायचं हे माणसाचं जुनंच वळण आहे, आणि आपल्या शास्त्रांत राजाचा सहावा हिस्सा ठरला तो याच रक्षणाच्या बोलीवर. कालिदासाच्या शाकुंतलात तर रानातले तपस्वीही राजाला आपल्या तपाचा सहावा भाग देतात, असं दुष्यंत मानतो. ज्यांच्याकडे धान्याचा दाणा नाही, त्यांनाही राखलं जाण्याचं देणं चुकलं नाही.

आणि किंमत येते कुठून? बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या पुढे निघणार नाहीत, हे सगळ्यांना पाठ. पण ओसाड बेटावर एकट्या माणसाच्या हातात ते सगळेच्या सगळे दिले तरी त्यांची किंमत शून्य. पलीकडे घेणारा आहे, त्याला पुढचा घेणारा भेटेल असा भरवसा आहे, म्हणून भाव आहे. म्हणजे नफ्यातला एकही पैसा कुणी एकट्याने पिकवलेला नाही.

ठेवून श्रीमंत होण्याची गोष्ट निघाली की इथे अमळनेरचं नाव निघतंच. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. गावातल्या ज्या कुटुंबांनी ते शेअर जुन्या ट्रंकेत नुसते पडू दिले ती कोट्यधीश झाली, हे खानदेशात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. क्रिप्टोवाली पोरं त्यांनाच आपले पूर्वज मानतात: ठेवलं, विकलं नाही, जिंकलो. शिवाय त्यांची तक्रारही वाजवी आहे. ऑक्टोबर २००४ ते मार्च २०१८ या काळात त्या ट्रंकेतले शेअर बाजारात विकले असते तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर शून्य होता. आजही सवा लाखाच्या वर साडेबारा टक्केच. सराफ बाजारातलं सोनं दोन वर्षं ठेवून विकलं तरी साडेबारा. क्रिप्टोला मात्र ३०, म्हणजे लॉटरी आणि घोड्यांच्या शर्यतीच्या पंगतीत. शेअरच्या पैशातून कारखाना उभा राहिला, माणसं कामाला लागली, हे मान्य. पण कपाटातल्या पाटल्यांनी कुठला कारखाना उभारला? दराच्या आडून सरकार इथे पापपुण्याचा निवाडा करतंय आणि तो तोंडाने बोलत नाही.

उलट बोललं ते भलतंच. फेब्रुवारी २०२२ मध्ये निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत सांगितलं की नफ्यावर कर लावणं हा सरकारचा अधिकार आहे. व्यवहार वैध की अवैध तो प्रश्न वेगळा. करसल्लागार म्हणून मला हे चोख वाटतं. पण धुळ्यातल्या माझ्या एका मुसलमान व्यापारी पक्षकाराला ते वाचून हसू आलं होतं. "मॅडम, हमारे यहाँ उल्टा है," तो म्हणाला.

त्याच्याकडे थोडे बिटकॉइन होते, न विकलेले. रमजान आला तसा तो जकातीचा हिशोब करू लागला. जकात मिळकतीवर नसते, ती साठ्यावर असते. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढं धन चांद्र वर्षभर जवळ राहिलं की त्याचे अडीच टक्के निघाले. विकलं का, नफा झाला का, हे कुणी विचारत नाही. म्हणजे आमच्या पोराला ज्या कराची धास्ती आहे, तोच हा. चौदाशे वर्षांपासून चालू. पण मौलानांनी आधी विचारलं ते धन कसलं आहे हे. इजिप्तच्या मुफ्तींनी जानेवारी २०१८ मध्ये बिटकॉइन हराम ठरवलं होतं, इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने नोव्हेंबर २०२१ मध्ये चलन म्हणून ते नाकारलं. दुसरीकडे व्यापाराचा माल म्हणून त्यावर जकात धरणारे आलिमही आहेत. आणि माल हराम ठरला तर त्यातून अडीच टक्के काढून उरलेला शुद्ध होत नाही. तो सगळाच्या सगळा, पुण्याची आशा न धरता, देऊन टाकायचा. एका मौलानांनी त्याला हे सांगितलं, दुसऱ्यांनी म्हटलं की माल समजून त्या दिवशीच्या भावाने अडीच टक्के दे. त्याने दुसऱ्यांचं ऐकलं. माझ्याकडच्या कागदावर त्या वर्षी त्याचा क्रिप्टोवरचा कर शून्य. त्याने स्वतःच्या वहीत मात्र त्या दिवशीचा भाव, त्याचे अडीच टक्के आणि कुणाच्या घरी किती पोहोचवले, ते लिहून ठेवलं होतं.

सरकारने जर असंच साठ्यावर हात घातला, तर मी विरोधात उभी राहीन. आपण ते करून पाहिलंय. १९५७ च्या संपत्ती कराखाली शेवटी शेवटी तीस लाखांच्या वरच्या सोन्यावर, मोटारींवर, शहरातल्या मोकळ्या प्लॉटवर एक टक्का द्यावा लागे. जळगावसारख्या सोन्याच्या गावात मार्चअखेरीस कुणाच्या तिजोरीत किती तोळे, हे कोण मोजणार? २०१५ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी तो रद्द केला. २०१३-१४ मध्ये त्यातून देशभरात १,००८ कोटी जमले होते, असं त्यांनीच सांगितलं. सोन्याचं हे, तर मार्चच्या भावावर कर बसून मे महिन्यात निम्म्यावर येणाऱ्या क्रिप्टोचं काय होईल? कर भरण्यासाठी विकावं लागेल आणि विकलं की वर तीस टक्के. जकात देणारा आपल्या मनाला भिऊन देतो, त्याच्यामागे नोटीस नसते. नोटिशीच्या जोरावर वसूल केलेला तोच हिस्सा जुलूम ठरू शकतो.

आणि आत्ताचा कायदाही मला धर्माला धरून वाटत नाही, तो एका कारणासाठी. एका नाण्यात चार लाख मिळाले आणि दुसऱ्यात चार लाख बुडाले, तर घरात आलं काय? शून्य. कर किती? १ लाख २४ हजार ८००. तोटा नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. खानदेशातल्या शेतकऱ्याला पैसेवारी ठाऊक आहे: पीक पन्नास पैशांच्या आत आलं तर शेतसाऱ्यात सूट. पिकात वाटा मागणाऱ्याने दुष्काळही बघायचा, हे गोऱ्या साहेबालाही कळत होतं. नफ्याच्या दिवशी भागीदार आणि तोट्याच्या दिवशी तिऱ्हाईत, असा राजा रक्षणाची बोली मोडतो. तरीही त्यामुळे पोराचं देणं फिटत नाही. फार तर सरकारचंही काही देणं निघतं.

हे देणं नेमकं कसलं, हे सांगणारं पुस्तक धुळ्यातच बोललं गेलं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. सतराव्या अध्यायावर बोलताना त्यांनी यज्ञ, दान आणि तप यांची वाटणी लावली आहे: सृष्टीची जी झीज आपण करतो ती यज्ञाने भरायची, समाजाकडून घेतलेलं दानाने फेडायचं, शरीराची शुद्धी तपाने. दान हा उपकार नाही, ती परतफेड आहे. पुढे भूदानात आणि संपत्तिदानात त्यांनी सहावा हिस्सा मागत गावंच्या गावं पालथी घातली. त्यांनी विचारलं नाही, विकलंस का.

मी पोराला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मंग सहावा भाग देवाले दिसू, सरकारले नही." चलाखी आहे, पण तीही चालणार नाही. ज्या रस्त्याने तो जळगावला येतो, ज्या विजेवर त्याचा संगणक चालतो, ज्या कोर्टाकडे चोरी झाल्यावर तो धावेल, ते दान देऊन उभं राहत नाही. मनाचा वाटा आणि राज्याचा वाटा एकमेकांच्या खात्यात वळते करता येत नाहीत. जैनांनी हे फार पूर्वी स्पष्ट केलं आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे अतिचार, म्हणजे दोष, सांगितलेत त्यांत चोरीचा माल घेण्याच्या आणि खोट्या वजनमापाच्या जोडीला राज्याचे नियम ओलांडून केलेला व्यवहारही बसवला आहे. कर चुकवणं हा त्यांच्या लेखी चोरीचाच डाग.

दाणाबाजारातल्या माझ्या एका जैन पक्षकाराने परिग्रह-परिमाण व्रत घेतलं आहे. शेत, घर, सोनं, धन, धान्य, सगळ्याची मर्यादा आधी बोलून ठेवायची आणि त्यापलीकडे ठेवायचं नाही. त्याने क्रिप्टोही धनात धरलं, मुलाने घेऊन दिलेलं. मर्यादा रुपयांत बांधली होती. मग भाव चढला आणि हा झोपेत असताना व्रत मोडलं. सकाळी उठून तो महाराजांकडे गेला: मी काही केलं नाही, घेतलं नाही, विकलं नाही, तरी दोष लागला का? महाराज म्हणाले, दोष वाढण्यात नाही, वाढलेलं ठेवण्यात आहे. वरचं काढ.

तो थेट माझ्याकडे आला. वरचं काढायचं म्हणजे विकायचं, विकलं म्हणजे नफा, नफा म्हणजे तीस टक्के आणि उपकर. मी सगळं मांडून दाखवलं आणि सुचवलं की पुढच्या वेळी मर्यादा रुपयांत न बांधता नाण्यांच्या संख्येत बांधा, भावाचा त्रास नको. त्याने मान हलवली. "मग व्रत कशाचं, ताई? ती तर सोय झाली." चलान त्याने त्याच दुपारी भरलं, उरलेली रक्कम पांजरापोळाला दिली, आणि जाताना विचारलं की यापुढे भाव दर आठवड्याला बघावा लागेल की चौमासात एकदा पाहिलं तर चालेल. ते माझ्या कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही; मी त्याला परत महाराजांकडे पाठवलं.