वाग्दत्ता आणि वचनदात्री

विवाह ठरलेल्या मुलीसाठी मराठीत 'वाग्दत्ता' असा एक जुना, सुंदर शब्द आहे. वाचेने जी दिली गेली ती वाग्दत्ता. पवित्र शास्त्राचे भाषांतर करताना एकेक शब्द हाती घेऊन तोलावा लागतो, आणि तशी सवय लागलेल्या मला या शब्दापाशी नेहमीच थांबावेसे वाटते. वाचेने दिली, परंतु कोणाच्या वाचेने? शब्दाची घडण कर्मणी आहे. देणारा कोण हे त्यात सांगितलेले नाही, कारण परंपरेने ते गृहीतच धरले आहे. देणारा पिता, घेणारा वर, आणि जिच्याविषयी हे सारे बोलणे झाले ती दिली जाणारी. ख्रिस्ती विवाहविधीत मात्र वधू वेदीपुढे उभी राहून स्वतःच्या मुखाने वचन देते. काही मंडळ्यांच्या विधीत वधूला कोण देत आहे असा प्रश्न विचारण्याची रीत आहे. पण त्या उत्तराने विवाह होत नाही. तो होतो दोघांनी दिलेल्या वचनांनी. साखरपुडा आणि विवाह यांमधील काळात ख्रिस्ती तरुणीने जी तयारी करावयाची, तिचे सार माझ्या मते एवढेच आहे की, वाग्दत्तेने वचनदात्री व्हावे.

हा काळ बाहेरून मोठ्या लगबगीचा असतो. पोशाख, सभागृह, जेवणावळ, निमंत्रणपत्रिकेवरील नावांचा क्रम यांत दिवस भराभर निघून जातात. परंतु विवाह ठरलेल्या मुलींशी निवांतपणे बोलण्याचा प्रसंग ज्यांना येतो त्यांना ठाऊक आहे की, त्यांच्या मनात या गोष्टी फारशा नसतात. भाजी चिरताना, कामावर जाताना गाडीत, रात्री दिवा मालवल्यावर त्यांच्या मनात येणारे विचार निराळे असतात. माझ्या पगारातून बाबांच्या औषधपाण्याचा खर्च चालतो, तो पुढे चालू ठेवता येईल का? ते मेथडिस्ट आणि आम्ही रोमन कॅथोलिक, तर मुलांचा बाप्तिस्मा कोणत्या मंडळीत होणार? त्याला राग आला की तो बोलेनासा होतो. ते मौन किती दिवसांचे असते? घरात रोज एकत्र प्रार्थना होते, की ती पाळकसाहेब आल्यावरच होते? आणि या सर्व प्रश्नांच्या तळाशी एक प्रश्न असतो, जो सहसा कोणी मोठ्याने विचारीत नाही: ज्याला मी पुरते ओळखत नाही, त्याला जन्मभराचे वचन देणे प्रामाणिकपणाचे आहे काय?

हा प्रश्न भाबडा नव्हे. वचन भविष्याविषयी असते आणि भविष्य कोणाच्याही हाती नाही. पंचविसाव्या वर्षी वेदीपुढे उभा राहणारा तरुण पन्नाशीत कसा असेल हे तोही सांगू शकत नाही, मग ती कशी सांगणार? स्वतःविषयी तरी तिला काय ठाऊक आहे? तेव्हा, जे आपल्याला माहीत नाही त्याची ग्वाही देणे म्हणजे असत्य बोलणे नव्हे काय, अशी शंका विचारी मनाला येणारच.

या शंकेचे उत्तर भाकीत आणि वचन यांतील भेदात आहे. उद्या पाऊस पडेल, हे भाकीत. उद्या मी तुझ्याकडे येईन, हे वचन. भाकीत आपोआप खरे किंवा खोटे ठरते. ते बोलणाऱ्याला खिडकीत बसून वाट पाहता येते. वचन मात्र बोलणाऱ्यानेच खरे करावयाचे असते. आजच्यासारखेच मला सदैव वाटत राहील, असे विवाहाचे वचन म्हणत नाही; तसे म्हणणे खरोखरच अप्रामाणिक झाले असते. भावनांचे भाकीत नव्हे, तर इच्छेचा निश्चय त्यात असतो. म्हणून भविष्य अज्ञात असणे ही वचनाच्या आड येणारी गोष्ट नाही. किंबहुना भविष्य अज्ञात आहे म्हणूनच वचनाची गरज आहे. सारे काही आधीच ठाऊक असते, तर हिशेबाची वही पुरली असती.

परंतु याला एक अट आहे. जे कोणालाच कळू शकत नाही ते अज्ञात, आणि जे एकाला ठाऊक असून दुसऱ्यापासून राखून ठेवले ते लपविलेले. वचन अज्ञाताला पुरे पडते, लपविलेल्याला नव्हे. आजार, कर्ज, आधीचा नातेसंबंध, व्यसन, श्रद्धेतील शंका यांपैकी काही लपवून घेतलेले वचन हे दुसऱ्याच कोणाला तरी दिलेले वचन असते. म्हणून या मधल्या काळाची पहिली साधना सत्य बोलण्याची आणि सत्य ऐकण्याची आहे. भ्रमणध्वनीवर रात्र रात्र बोलणाऱ्या आजच्या तरुण-तरुणींनाही हे वेगळे सांगावे लागते, कारण पुष्कळ बोलणे म्हणजे उघड बोलणे नव्हे.

मनुष्य किती बदलू शकतो हे मराठी ख्रिस्ती वाचकाला दुसरीकडे शोधावयास नको. लक्ष्मीबाई टिळकांचा विवाह १८८० साली झाला तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. अक्षरशः वाग्दत्ता, त्यांना कोणी काही विचारले नव्हते. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यानंतरची काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. त्या परतल्या त्या कोणी हाताला धरून आणल्या म्हणून नव्हे, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो पतीने घेतला म्हणून नव्हे, तर स्वतःची खात्री पटल्यावर. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला नेहमी वाटते की, अकराव्या वर्षी दुसऱ्यांनी दिलेला शब्द त्यांनी तिशीच्या उंबरठ्यावर स्वतः उच्चारला. आजच्या तरुणीला तो विवाहापूर्वीच उच्चारण्याची संधी आहे. ती तिने दवडू नये.

शास्त्रातही या संधीची खूण आहे. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात रिबकेचा विवाह तिचा भाऊ आणि पिता ठरवितात. त्यांचा शब्द दिला जातो, दागिने दिले जातात, आणि तोवर रिबकेला कोणी काही विचारलेले नसते. दुसऱ्या दिवशी मात्र घरचे लोक तिला बोलावून विचारतात. प्रश्न तत्काळ निघण्याविषयीचा होता हे खरे. तरी निर्णय तिच्या मुखातून येईपर्यंत उंट हलत नाहीत. मूळ हिब्रूत तिचे उत्तर एकाच शब्दाचे आहे, आणि त्याचे क्रियापद प्रथमपुरुषी आहे. पुढे ख्रिस्ती मंडळीनेही हाच धागा पकडला. बाराव्या शतकात पीटर लोम्बार्ड आणि पोप तिसरा अलेक्झांडर यांच्या काळी पश्चिमेकडील मंडळीत हे तत्त्व स्थिरावले की, विवाह घडतो तो वधू आणि वर या दोघांच्या संमतीने. पित्याच्या दानाने नव्हे.

येथे कोणी तरुणी विचारील की, शास्त्र तर पत्नीला अधीनता शिकवते, मग हे स्वतःचे वचन उरते कोठे? इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील २२ वे वचन तिने लहानपणापासून ऐकलेले असते. भाषांतरकाराच्या टेबलावर मात्र एक गोष्ट दिसते जी उपदेशात क्वचितच ऐकू येते. पपायरस ४६ आणि व्हॅटिकन हस्तलिखित या अत्यंत प्राचीन ग्रीक प्रतींत त्या वचनाला स्वतःचे क्रियापदच नाही. ते २१ व्या वचनातून घ्यावे लागते, आणि २१ वे वचन सर्व विश्वासणाऱ्यांना ख्रिस्ताच्या भयात परस्परांच्या अधीन होण्यास सांगते. या दोन वचनांच्या मध्ये मथळा घातला की वाचकाला वाटते, येथून नवा विषय सुरू झाला. वास्तविक वाक्य तुटलेलेच नसते. पत्नीला सांगितलेली गोष्ट खोडण्याचे काही कारण नाही. परंतु तिची मुळे परस्पर अधीनतेत आहेत, आणि पुढे पतीला तर ख्रिस्ताने मंडळीसाठी केले तसे स्वतःला अर्पण करावयास सांगितले आहे. तसेच उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीसाठी आलेला 'साहाय्यक' हा शब्द. हिब्रू 'एझेर' हा शब्द जुन्या करारात २१ वेळा येतो, आणि त्यांतील बहुतेक ठिकाणी तो मनुष्याच्या मदतीला येणाऱ्या देवाविषयी आहे. देवासाठी शोभणारा शब्द दुय्यमपणा कसा सुचवील?

आता एका कटू विषयाकडे वळले पाहिजे. आपल्या ख्रिस्ती घरांतून हुंड्याची प्रथा गेलेली नाही. तिने नावे बदलली आहेत. कोठे ती मुलीची हौस म्हणून येते, कोठे संसाराला हातभार म्हणून. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा घेणे, देणे आणि मागणे हे तिन्ही अपराध ठरविले आहेत. परंतु कायद्याहून फार प्राचीन असा एक आवाज होशेयाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तेथे देव आपल्या अविश्वासू प्रजेला पुन्हा वाग्दत्त करून घेऊ म्हणतो. हिब्रूतील ते क्रियापद लागोपाठ तीनदा येते. त्याला जोडून नीतिमत्ता, न्याय, प्रेमदया, करुणा आणि विश्वासूपणा या पाच गोष्टी येतात, आणि ज्या प्रत्ययाने त्या जोडल्या आहेत तो वधूसाठी दिलेल्या मोलाचा निर्देश करतो. दाविदाने मीखलसाठी दिलेल्या मोलाचा उल्लेख २ शमुवेल ३ मध्ये येतो, तेथेही तोच प्रत्यय आहे. येथे वधूच्या घरून काही मागितले जात नाही. वरच मोल देतो, आणि ते मोल चारित्र्याचे आहे. मोटारीची किंवा सोन्याची मागणी येते तेव्हा या पाच गोष्टी समोर ठेवून पाहाव्यात.

मग वाङ्निश्चयानंतर अशी मागणी आली, किंवा काही लपविलेले उघड झाले, तर तरुणीने काय करावे? आपल्या समाजात मोडलेल्या साखरपुड्याचा डाग मुलीलाच लागतो. त्या भयाने कित्येक मुली शंका गिळून वेदीपर्यंत चालत जातात. माझे मत स्पष्ट आहे. जे वचन रोखून धरता येत नाही, ते दिले असे म्हणताच येत नाही. मंडळीने विवाहाच्या जाहीर घोषणेची प्रथा घातली ती शोभेसाठी नव्हे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने विवाह आधी जाहीर करण्याचा नियम केला, आणि गुप्त विवाहांना आळा बसावा म्हणून १५६३ साली ट्रेंट येथील धर्मसभेने तीन वेळा घोषणा करण्याचे बंधन घातले. हरकत असेल तर ती वचनाआधी पुढे यावी, हाच त्यामागचा हेतू. थांबण्यासाठी मंडळीनेच जागा राखून ठेवली असेल, तर तेथे थांबणाऱ्या मुलीकडे मंडळीने बोट दाखवू नये.

थांबण्याचीही एक रीत आहे. मत्तयाच्या पहिल्या अध्यायातील योसेफाचे वर्तन पाहावे. यहूदी रीतीप्रमाणे वाग्दान इतके बंधनकारक होते की, ते मोडण्यास सूटपत्र लागे. आपली वाग्दत्ता गरोदर असल्याचे समजल्यावर, आणि सत्य अद्याप कळलेले नसताना, त्याने तिची बेअब्रू न करता गुपचूप सोडण्याचे मनात आणले. शास्त्र त्याला नीतिमान म्हणते ते याच वाक्यात. ज्याचे वचन आपण स्वीकारू शकत नाही त्याचीही अब्रू राखावी, त्याच्या खासगी गोष्टी चारचौघांत मांडू नयेत. मात्र गैरमागणी किंवा धमकी असेल तेथे गप्प बसणे ही अब्रू राखणे नव्हे. तेथे आईवडिलांना, पाळकांना आणि गरज पडल्यास कायद्यालाही सांगितलेच पाहिजे.

यहूदी रब्बींच्या मिश्ना या संग्रहात वधूला तयारीसाठी बारा महिन्यांची मुदत दिली आहे. विशेष म्हणजे, जशी मुदत स्त्रीला तशीच ती पुरुषालाही स्वतःची तयारी करण्यासाठी द्यावी, असेही तेथे म्हटले आहे. आपल्याकडे तयारी करावयाची ती मुलीने, हे जणू ठरूनच गेले आहे. तिने स्वयंपाक शिकावा, बोलणे कमी करावे, नव्या घराच्या रीती विचारून घ्याव्यात. मुलाने काय शिकावे? त्यानेही राग आला असता बोलावयास शिकावे, आपल्या कमाईचा आणि कर्जाचा हिशेब तिच्यापुढे मांडावा, तिच्या वृद्ध आईवडिलांना आपल्या प्रार्थनेत आणि खर्चातही स्थान द्यावे. पाळकांनी दोघांना एकत्र बसवून हे प्रश्न विचारावेत. आणि आईवडिलांनी, पत्रिका छापण्यापूर्वी निदान एकदा, मुलीला एकान्तात विचारावे आणि तिचे उत्तर शेवटपर्यंत ऐकावे.

विवाह ठरलेल्या भगिनींनो, तुमच्या मनात येणारे प्रश्न अविश्वासाचे लक्षण नाहीत. ते तुमच्या वचनाचा कच्चा खर्डा आहेत. ते लिहून काढा, प्रार्थनेत प्रभूपुढे ठेवा, आणि मग ज्याच्याशी संसार करावयाचा आहे त्याच्यापुढेही ठेवा. त्याची उत्तरे ऐका, आणि तो तुम्हाला काय विचारतो तेही ऐका. काही प्रश्नांना उत्तर मिळेल, काही तसेच राहतील. जे राहतील ते दोघांनी मिळून देवाच्या हाती सोपवावेत. एवढे केल्यावर वेदीपुढे तुमच्या ओठांवर जो शब्द येईल, तो तुमचा स्वतःचा असेल.