तारुण्याची अमानत



पवित्र कुरआनच्या सूरह काफमध्ये (५०:१६) अल्लाहने आपल्या सान्निध्याची जाणीव करून देताना मानवाच्या मानेतील रक्तवाहिनीचा उल्लेख केला आहे. ती वाहिनी अल्लाहचीच निर्मिती असून आपल्याजवळ केवळ अमानत आहे. या अमानतीची राखण तरुण वयातच करावी लागते.

हृदयविकार हा उतारवयाचा आजार, असे आपण समजतो. परंतु कोरियन युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे सरासरी वय अवघे २२ होते. तरीही चौघांपैकी तिघांच्या हृदयाच्या धमन्यांत विकाराच्या खुणा आढळल्या.

रक्तवाहिनीच्या आत पेशींचे एक अतिशय पातळ अस्तर असते. मूल धावते, पोहते, कबड्डी खेळते तेव्हा रक्त वेगाने वाहते. त्या प्रवाहाच्या घर्षणाने हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड निर्माण करते आणि वाहिनी सैल होऊन रुंदावते. या वायूच्या कार्याच्या शोधाबद्दल तीन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नियमित व्यायामाने अस्तराची ही क्षमता टिकते. व्यायाम सुटला की लाभही ओसरू लागतो. अल्पसे का असेना, पण सातत्याने केलेले कर्म अल्लाहला अधिक प्रिय असते, ही प्रेषितांची (स.) शिकवण इथेही मार्ग दाखवते.

काही जण म्हणतात, "आम्ही पाच वेळा नमाज अदा करतो, मग निराळा व्यायाम कशाला?" नमाज ही इबादत आहे, कसरत नव्हे. दिवसा रोजे आणि रात्रभर नमाज यांत गढून गेलेल्या अब्दुल्लाह बिन अम्र (र.) यांना प्रेषितांनी (स.) बजावले होते, की शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना दररोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरदार स्वरूपाची हालचाल आवश्यक आहे.

आता आपल्या घरांकडे पाहा. शिकवणी सुरू झाली की मुलाचे मैदान सुटते आणि फावला वेळ मोबाइल गिळतो. मुलीचे खेळणे तर वयात येताच थांबते. प्रवासात प्रेषितांनी (स.) हजरत आयेशा (र.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती. एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा प्रेषित (स.) जिंकले. मग आपल्या मुलींचा हा हक्क आपण का हिरावून घेतो? मर्यादा सांभाळून त्यांच्यासाठी जागा आणि वेळ उपलब्ध करणे हे पालकांचे कर्तव्य आहे.

तारुण्य कशात घालवले, हा प्रश्न कयामतच्या दिवशी प्रत्येकाला विचारला जाणार आहे. मुलांचे तारुण्य आज आपल्या देखरेखीखाली आहे. फजरच्या नमाजनंतर त्यांना अंथरुणाकडे नव्हे, मैदानाकडे घेऊन चला.

अल्लाह आपणा सर्वांना या अमानतीची कदर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.