आयदर ऑर सर्व्हायव्हर

लग्नात सात पावलं भटजी चालायला लावतात. आठवं पाऊल बँकेत पडतं. जोडीनं जायचं, जोडीनं फोटो चिकटवायचे आणि संयुक्त खातं उघडायचं. साहेब मान वर न करता विचारतात, "आयदर ऑर सर्व्हायव्हर ना?" नवी नवरी मान डोलावते. अर्थ असा, की दोघांपैकी कुणीही पैसे काढावेत, आणि एक गेला तर उरेल त्यानं काढावेत. म्हणजे अंगावरची हळद उतरायच्या आत दोघांतला एक मरणार हे बँकेनं धरून ठेवलेलं असतं. दोघंही धडधाकट राहून एकमेकांचं तोंड बघेनासे होतील, हे मात्र त्या तीन शब्दांत कुठंच बसत नाही.

आमचा घोडबंदर रोड म्हणजे तर हप्त्यांवर उभा असलेला रस्ता. कापूरबावडीपासून गायमुखापर्यंत टॉवरच टॉवर. बाईच्या नावानं घर घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. तेव्हापासून कित्येक नवऱ्यांना स्त्रीदाक्षिण्याचा उमाळा आलेला मी पाहिला आहे. कर्जावर मात्र सह्या दोघांच्या.

आमच्याच सोसायटीतल्या एका जोडप्याचं बिनसलं. नवऱ्यानं एका सकाळी संयुक्त खातं धुऊन नेलं आणि तो वेगळा राहू लागला. बाई बँकेत गेल्या. "खात्यावर त्यांचीही सही चालते, मॅडम." खरंच होतं. पुढच्या महिन्यात हप्ता थकला, तेव्हा फोन बाईंनाच. "अहो, पण ते आता इथं राहत नाहीत." "तो तुमचा घरगुती प्रश्न." हेही खरंच. १८७२ चा करार कायदा सांगतो, की दोघांनी मिळून कबूल केलेली रक्कम कुणाही एकाकडून पुरती वसूल करता येते. मग त्यानं दुसऱ्याचा वाटा त्याच्याकडे मागत बसावं. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली संमतीच्या घटस्फोटाची सोय झाली, तेव्हा नवराबायकोला फेरविचाराला सहा महिने दिले गेले. खातं रिकामं करायला सहा मिनिटं पुरतात.

आता बँकेचीही बाजू आहे. कॅशियरनं पैसे मोजता मोजता "हल्ली तुमचं पटत नाही वाटतं?" असं विचारलेलं तुम्हा-आम्हाला चालेल का? मुळीच नाही. बँकेनं संसारात नाक खुपसू नये, हेच बरं. पण कुणाचीच बाजू घ्यायची नाही म्हटलं, की जो आधी काउंटरवर पोचतो त्याची बाजू आपोआप घेतली जाते. ज्याला पासवर्ड पाठ आहे, तो जिंकतो. घरखर्चाचे पैसे मागून घेणारी हरते.

आणि माणूस पाहून वागणं बँकेला जमतच नाही, असंही नाही. २०१७ साली रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, की सत्तरीपुढच्यांना आणि अपंगांना पैसे घरपोच देण्यासारख्या सोयी द्या. म्हणजे पायरी सगळ्यांना सारखीच असली तरी गुडघे सारखे नसतात, हे मान्य झालं. मग दुखावलेल्या, घाबरलेल्या माणसाचा गुडघा कुणी पाहायचा?

तिनं न्यायनिवाडा करावा असं माझं म्हणणं नाहीच. त्याला न्यायालयं आहेत. तिनं नुसतं सांगावं. बहुतेक बँकांत संयुक्त खात्यातल्या एकानंही लेखी कळवलं, की खात्याचा व्यवहार थांबवता येतो. मग दोघांच्या सह्यांशिवाय पैसा हलत नाही. हे त्या बाईंना काउंटरवर कुणी सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. माझ्या मते बँकेचं पाप काय ते एवढंच, पण ते लहान नाही. मरणाबद्दल ती न विचारता सांगते. भांडणाबद्दलही खातं उघडतानाच दोन ओळी सांगायला काय हरकत आहे?

परवा हे सगळं मी बायकोला अगदी पोटतिडकीनं समजावलं. तिनं भाजी निवडत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो अर्ज मॅनेजरच्या नावानंच लिहायचा ना हो?"