रानातली विश्रांती कोणाची?

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचकांनी आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. वर्षातून दोन-तीनदा शनिवार-रविवारची जोडसुट्टी साधून हे गृहस्थ सहकुटुंब रानातल्या एका झोपडीवजा घरात जाऊन राहतात. तेथे दूरदर्शन नाही, फोनला रेंज नाही. दिवसभर ओट्यावर बसायचं, झाडांकडे पाहायचं, भूक लागली की जेवायचं, झोप आली की निजायचं. परत आल्यावर आठ-दहा दिवस मन हलके राहते, नामही अधिक गोड लागते, असे ते लिहितात. पण घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांस टोकले, की पैसे मोजून केलेल्या आळसाला काय एकांत म्हणतात? आता त्यांची त्यांनाच शंका पडली आहे, की ही चैन आहे की साधन?

वडीलधाऱ्यांचा आक्षेप आम्हांस पटत नाही. आळस वेगळा आणि विश्रांती वेगळी. आळशी मनुष्य करायचे काम टाळतो. थकलेला मनुष्य काम करून बसतो. देह हे भाड्याचं घर आहे असं कीर्तनात आपण नेहमी ऐकतो. पण भाड्याच्या घरालाही अधूनमधून सारवण लागतंच की! ते न करणारा भाडेकरू काही विरक्त ठरत नाही.

शिवाय सुट्टी ही आपल्याकडे कोणी वाटेवर टाकलेली वस्तू नव्हे. आज रविवार म्हणजे सुट्टी हे आपल्याला सूर्य उगवण्याइतके स्वाभाविक वाटते. मुंबईच्या कापडगिरण्यांत ते तसे नव्हते. तेथला कामगार उजेड फुटल्यापासून अंधार पडेपर्यंत राबे आणि आठवड्यात हक्काचा असा एक दिवस त्याला नसे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना बांधली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १८९० च्या जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण त्या मागणीत होते असे सांगतात. म्हणजे जेजुरीच्या देवाचा आधार घेऊन गिरणीतल्या माणसाने आपला एक दिवस सोडवून आणला. शनिवार त्या मानाने अलीकडचा. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत पाच दिवसांचा आठवडा १९८५ साली आला, आणि महाराष्ट्र शासनाच्या कचेऱ्यांत २०२० साली. आमच्या वाचकांची जोडसुट्टी या वाटेने चालत आलेली आहे. तिचा संकोच बाळगण्याचे कारण नाही.

उलट आमची तक्रार अशी, की ही वाट सर्वांपर्यंत पोचली नाही. शेतकऱ्याला रविवार नाही. त्याच्या बैलाला निदान पोळा आहे. त्या दिवशी खांद्यावर जू ठेवत नाहीत, खांदे तुपाने शेकतात, पुरणपोळीचा घास देतात. कित्येक गावांत सोमवारी औत धरत नाहीत, तोही बैलाचाच मान. त्याच घरातल्या बाईला मात्र पोळ्याच्या दिवशी रोजच्याहून दुप्पट काम. बैलाच्या पुरणपोळ्या लाटणार कोण?

येथे आमच्या वाचकांचा प्रश्न थोडा सरकवून ठेवावा असे आम्हांस वाटते. विश्रांती चैन आहे की साधन हे विचारण्याआधी, ती कोणाच्या हातांवर उभी आहे हे विचारावे.

आम्ही एका हिवाळ्यात भीमाशंकरच्या रानाच्या कडेला, आमच्या एका स्नेह्यांच्या आग्रहाने, अशाच एका घरात दोन रात्री राहिलो होतो. या रानाला १९८५ पासून अभयारण्याचा दर्जा आहे. जांभूळ, हिरडा, अंजनी यांची दाटी आणि शेंड्याशेंड्यावरून उड्या घेणारे तांबूस शेकरू. घर म्हणजे एकच खोली आणि पुढे ओटा. भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून शेणामातीचा लेप. (ही कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. घाई नसणे म्हणजे काय ते तिच्याकडून शिकावे.) आमच्याबरोबरची शहरातली मंडळी पहिल्या संध्याकाळी कासावीस झाली होती, दर पाच मिनिटांनी हात खिशाकडे जाई. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती निवली. तेथे वेळ हळू चालतो, असे जो तो म्हणू लागला.

का हळू चालतो, हे आम्ही पाहत होतो. बटण दाबून तेथे काही होत नाही. अंघोळीचं पाणी हवं तर विहिरीवरून आणायचं, लाकूड फोडायचं, चूल पेटवायची, मग हंडा तापेपर्यंत बसायचं. भात शिजायला जितका वेळ लागतो तितका लागतो. म्हणजे तो निवांतपणा झाडांतून गळत नव्हता. हातांनी करायच्या कामांतून येत होता. फक्त ते हात आमचे नव्हते. घर सांभाळणाऱ्या एक मावशी होत्या, महादेव कोळी समाजातल्या. पावसाळ्यात भाताचं शेत, उन्हाळ्यात हिरडा वेचून वाळवायचा, आणि बाकीच्या दिवसांत हे घर. पहाटे चारला त्यांच्या बांगड्या वाजत. उताराखालच्या विहिरीवरून डोक्यावर हंडा घेऊन त्या तीन-चार खेपा करत, तेव्हा आमच्यातले काहीजण ओट्यावर बसून सूर्योदय पाहत होते.

आम्ही सहज विचारले, "मावशी, तुम्हांला सुट्टी कधी?"

त्या हसून म्हणाल्या, "तुमची सुट्टी म्हंजी आमची सुगी, बाबा. शनवार-ऐतवारी मान्सं येत्यात, मंग बाकीच्या दिसात मीठ-मिरची भागती. सुट्टी घेऊन बसलं तर कसं व्हायाचं?"

या बोलण्यात रडगाणे नव्हते. पाहुणे यावेत अशीच त्यांची इच्छा होती. त्यांच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च या घरावर चालत होता. तेव्हा "असल्या ठिकाणी जाऊच नये" असा सोवळा निकाल कोणी देऊ लागला तर तो त्यांच्याच ताटातला घास काढून घेईल. दयेच्या नावाखाली असले निकाल पुष्कळ दिले जातात. परंतु आमची विश्रांती जेवढी वाढत जाई तेवढे त्या बाईचे काम वाढत जाई, हेही डोळ्यांआड करता येत नव्हते. आम्ही तिसऱ्यांदा चहा मागितला की रानातली शांतता आम्हांस आणखी गोड लागे, आणि त्यांची चूल आणखी एकदा फुंकली जाई.

रानातल्या घराची गोष्ट निघाली की जगभर ज्याचे नाव घेतात त्या थोरोचेही असेच. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स संस्थानात कॉन्कॉर्ड गावाजवळ वॉल्डन नावाचे तळे आहे. त्याच्या काठी १८४५ च्या ४ जुलैस हा तरुण एका खोलीत राहावयास गेला आणि दोन वर्षे दोन महिने राहिला. खोली दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब. खर्च अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. जमीन एमर्सन या त्याच्या थोर स्नेह्याची. घर त्याने स्वतःच्या हाताने बांधले, घेवड्याची शेती केली, आणि सकाळच्या वेळी आपली भगवद्‍गीता इंग्रजीतून वाचली. तो गावात आईच्या घरी जेवायला जाई म्हणून लोक त्याला नावे ठेवतात. आम्हांस त्यात काही विशेष वाटत नाही. आईच्या घरी जेवणारा मनुष्य ढोंगी असेल तर आपण सारेच ढोंगी. त्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांस मज्जाव नव्हता.

आम्हांस अडखळवते ती दुसरीच गोष्ट, आणि ती त्याने स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे. त्या घराच्या फळ्या कोठल्या? रेल्वेमार्गावर काम करणाऱ्या कॉलिन्स नावाच्या एका आयरिश मजुराची झोपडी त्याने सव्वाचार डॉलरला विकत घेतली, मोडली आणि तिच्या फळ्या तळ्याकाठी नेल्या. ठरावाप्रमाणे त्या कुटुंबाने पहाटे पाचला झोपडी सोडली. सहा वाजता वाटेत त्याला ती माणसे भेटली. सगळा संसार एका गाठोड्यात मावला होता. पुढे एका हिवाळ्यात त्याच तळ्याचा बर्फ कापायला शंभर आयरिश मजूर आले. त्या काळी तिकडचा बर्फ जहाजांतून कलकत्त्याला आणि आपल्या मुंबईलाही येत असे. थोरोला यातून सुचले ते असे, की आपल्या तळ्याचे पाणी गंगेच्या पाण्यात मिसळत आहे. कल्पना मोठी रम्य आहे खरी. पण थंडीत बर्फ कापणाऱ्या त्या शंभरांच्या अंगावर पुरेसं पांघरूण होतं का, हा विचार आमच्या मनातून जात नाही. जगातला सर्वांत प्रसिद्ध एकांत, आणि त्याच्या भिंती एका बिऱ्हाड उचललेल्या घराच्या!

आता आपल्या घरचे पाहू. तुकाराममहाराज देहूजवळच्या भंडारा डोंगरावर, भामचंद्राच्या डोंगरावर एकांतास जात. या गोष्टीचे चित्र काढताना चितारी डोंगर काढतो, झाड काढतो, वीणा काढतो. भाकरी काढतोच असे नाही. पण डोंगरावर बसलेल्या माणसालाही भूक असते, आणि ती भाकरी घेऊन जिजाई रोज उन्हातून चढ चढत असे. घरात मुले, दुकान बसलेले, वर हा चढ. ती रागावे, देवाला वाटेल तसे बोले, आणि कीर्तनात आपण तिच्या त्या बोलण्याला हसतो. हसावे, पण जपून. आख्यायिका अशी आहे, की चढताना तिच्या पायात काटा मोडला आणि तो काढायला पांडुरंग स्वतः धावून आले. आम्ही ही कथा लहानपणापासून ऐकत आलो. देव वर, जेथे नामस्मरण चालले होते तेथे होताच. पण कथेत तो वाकतो तो भाकरी वाहणारीच्या पायाशी. ज्यांनी ही कथा प्रथम सांगितली त्यांस आपला प्रश्न नीट ठाऊक होता, असे आम्हांस वाटते.

शिवाय महाराजांनी रानाशी नाते जोडले, आणि सोयऱ्याच्या घरी जाणे वेगळे व खानावळीत जाणे वेगळे. सोयऱ्याकडे गेल्यावर मनुष्य विचारतो, घरात कोण आजारी आहे, पाणी कुठून आणता, यंदा भात कसा आला. खानावळीत तो फक्त विचारतो, अजून किती वेळ लागेल.

कोणी म्हणेल, आम्ही पैसे देतो ना, मग आणखी काय द्यायचे? पैसे द्यावेत आणि घासाघीस न करता द्यावेत. पुष्कळ सुजाण माणसे हॉटेलात शेकडा दहा टिप ठेवतात आणि रानातल्या माणसाशी मात्र शंभर रुपयांसाठी हुज्जत घालतात. पण पैशाने श्रमाचे मोल चुकते, विश्रांतीचे चुकत नाही. त्या बाईला मजुरी मिळाली म्हणून तिची पाठ टेकली असे होत नाही. आणि दुसऱ्याच्या पाठीवर उभे राहून मिळालेली शांतता मनाला निववते असे आमच्या वाचकांस वाटत असेल, तर त्यांनी एकदा त्या शांततेत कान देऊन बसावे. बांगड्या ऐकू येतील.

हे आम्ही रानातल्या घरालाच लावतो असे नाही. वारीत दिंडी मुक्कामाला पोचण्याआधी स्वयंपाकाची गाडी पुढे गेलेली असते. आपण सावलीत पाय पसरतो तेव्हा तेथे कोणी पीठ मळत असते. ज्या दिंड्यांत भाजी चिरायला, पंगत वाढायला, भांडी घासायला पाळ्या लावलेल्या असतात, तेथल्या भजनाला वेगळी गोडी असते, हा आमचा अनुभव आहे.

तर आमच्या वाचकांनी अवश्य जावे, मुलांनाही न्यावे. अंघोळीचे पाणी आपले आपण आणावे. थंडीत एक अंघोळ गार पाण्याने झाली तर काही बिघडत नाही. ताटे आपली आपण घासावीत. जे त्यांच्या चुलीवर शिजते तेच, त्याच वेळी जेवावे, म्हणजे दुसरा स्वयंपाक पडत नाही. मात्र मदतीच्या उत्साहात कोणाच्या चुलीपुढे जाऊन बसू नये. शहरातला मनुष्य फुंकणी हातात घेतो तेव्हा घरभर धूर होतो आणि त्या माउलीचे काम दुप्पट वाढते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. गप्पा माराव्याशा त्यांना वाटल्या तर माराव्यात. नसतील वाटत तर त्यांनाही गप्प बसायचा अधिकार आहेच. आणि रविवारी दुपारचं जेवण उरकून निघण्याऐवजी सकाळी न्याहारी करून निघावे. ऊन चढण्याच्या आत पुण्यास पोचता येते, आणि दुपारी त्या घराची चूल थंड राहते.