बडादेवाचे नवे यजमान

परधानांची कला मुळात कानांसाठी होती. मध्य प्रदेशात मंडला-दिंडोरीकडे आणि महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडे वस्ती असलेला हा समाज गोंडांचा भाट आणि पुरोहित. एका प्रचलित कथेनुसार सात भावांपैकी धाकट्याने बाना हे तंतुवाद्य घडवून वाजवले आणि अंतर्धान पावलेला बडादेव हा गोंडांचा मुख्य देव प्रसन्न झाला. परधान या धाकट्याचे वंशज मानले जातात, आणि गोंड थोरल्या भावांचे. ठरावीक वर्षांनी परधान आपल्या गोंड यजमानाच्या दारी जाई, बान्याच्या साथीने देवाला आवाहन करी, कुळाची वंशावळ आणि गोंड राजांच्या कथा गाई. यजमान त्याला धान्य, वस्त्रे, कधी जनावर देई. या दानाला मजुरी म्हणता येत नाही. थोरल्या घराने धाकट्या घराचा राखलेला तो वाटा होता, आणि गाणे ही त्या नात्याची फेड होती. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून मानववंशशास्त्रज्ञ वेरियर एल्विन यांच्याबरोबर गोंड मुलखात गेलेले शामराव हिवाळे यांनी १९४६ साली नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

या श्रद्धेत बडादेव साजाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडात राहतो. त्याला मूर्ती नाही. घराच्या भिंती आणि जमिनी चुईने, म्हणजे पांढऱ्या मातीने, आणि गेरूने सजत. पण दिगना म्हटल्या जाणाऱ्या त्या रेखाटनात देवाचा चेहरा नसे. देव होता तो झाडात, दगडात आणि सुरात.

भोपाळमध्ये हे बदलले. १९८२ साली मोठ्या तलावाच्या काठी, चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या वास्तूत भारत भवन सुरू झाले. तिथल्या ‘रूपंकर’ संग्रहालयाचे प्रमुख चित्रकार ज. स्वामिनाथन यांनी त्याआधी तरुण कलावंतांची पथके खेडोपाडी पाठवली होती. पाटणगढ गावात त्यांना विशीच्या आसपासचा जनगढसिंह श्याम हा परधान तरुण भेटला. तो भोपाळला आला, भारत भवनात काम करू लागला, आणि पूर्वजांनी फक्त गायलेले देव त्याने कागदावर आणले. बारीक ठिपक्यांनी आणि रेषांनी भरलेल्या त्या आकृत्या म्हणजे पुढे ‘जनगढ कलम’ म्हणून ओळखली गेलेली शैली. १९८९ साली पॅरिसच्या ‘मॅजिशियन्स द ला तेर’ या प्रदर्शनात त्याची चित्रे होती. भोपाळच्या विधान भवनाच्या भिंतींवरही त्याचे काम आहे.

इथे धर्माचा प्रश्न उभा राहतो. विधीतून बाहेर पडलेली देवप्रतिमा देवाची राहते का? कलाचिंतक आनंद कुमारस्वामी यांचा विचार लावला तर उत्तर नकाराकडे झुकते. संग्रहालयातल्या बहुतेक वस्तू मांडून ठेवण्यासाठी घडलेल्याच नव्हत्या आणि त्यांचे प्रयोजन काढून घेतले की उरते ते केवळ रूप, असा त्यांचा आग्रह होता. स्वामिनाथन यांची भूमिका याच्या उलट होती. आदिवासी कलावंत भूतकाळाचा अवशेष नाही, तो आजचाच चित्रकार आहे, असे मानून त्यांनी शहरी आणि आदिवासी कलाकृती एकाच छताखाली, एकाच मानाने मांडल्या. हा मान देणे ही मोठी गोष्ट होती आणि तिचे महत्त्व कमी लेखू नये.

तरीही दोन्ही मतांमध्ये यजमान निसटतो. परधानाचे गाणे पवित्र होते ते केवळ देवाचे नाव घेतल्यामुळे नव्हे. ते ऐकणाऱ्यावर बंधन येई. देणारा आणि गाणारा एकमेकांना पिढ्यानपिढ्या बांधलेले असत, परधान आला की यजमानाला आपले पूर्वज आठवावे लागत. चित्र विकत घेणाऱ्यावर असे कोणतेही बंधन नसते. किंमत दिली की व्यवहार संपतो. हरवले ते हे नाते, देवाचे नाव नव्हे. कागदावर देव काढणे हा अधःपात मुळीच नाही, कारण स्मरण हे परधानाचे कुलकर्तव्य होते आणि यजमानांचे दान आटल्यावर त्याने ते दुसऱ्या माध्यमात चालू ठेवले. नव्या यजमानांनी, म्हणजे संग्रहालयांनी आणि खरेदीदारांनी, मात्र थोरल्या भावाची जबाबदारी उचलली नाही. २००१ साली जपानमधील मिथिला संग्रहालयात काम करत असताना, घरापासून हजारो मैलांवर, जनगढसिंह यांचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती.

भिल्ल चित्रकार भूरीबाई यांच्या बाबतीत विधीची मर्यादा वेगळ्या रीतीने दिसते. झाबुआ भागातून आलेल्या भूरीबाई भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत होत्या. स्वामिनाथन यांनी त्यांना चित्रे काढायला सांगितले. पिठोरा या देवाचे घोडे भिंतीवर काढण्याचा अधिकार परंपरेने पुरुषांचा. ते चित्र नवस फेडण्यासाठी काढले जाते आणि बडव्याच्या, म्हणजे पुरोहिताच्या, साक्षीने पुरे होते. कागदाने भूरीबाईंना स्वतःचा हात दिला. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विधीपासून दुरावणे म्हणजे केवळ हानी, असे म्हणणाऱ्यांनी या स्त्रीकडे पाहायला हवे.

परधानांमध्येही ओघ थांबला नाही. जनगढ यांचे नातलग भोपाळला येऊन त्यांच्या हाताखाली शिकले. भज्जू श्याम यांनी लंडन शहर आपल्या शैलीत चितारले, तर दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी ‘भीमायन’मध्ये डॉ. आंबेडकरांचे चरित्र. या पुस्तकात पाण्यासाठी झालेला अपमान आणि महाडचा सत्याग्रह त्याच रेषांतून आला आहे. चरित्र गाणे हे परधानाचे जुनेच काम. इथे राजाच्या जागी बाबासाहेब आले एवढेच.

२०२३ साली दिंडोरीच्या गोंड चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यातून नकलेला आळा बसण्याची आणि गावातल्या चित्रकाराला भाव मिळण्याची सोय होते, म्हणून ते हवेच. पण हे मानांकन कलेला भूमीशी बांधते, आणि ही शैली तर पाटणगढची स्मृती व भोपाळचा कागद यांच्या भेटीत, एका माणसाच्या हातून जन्मली. कुळ, गाव, शहर आणि एकट्याची प्रतिभा या चारही गोष्टी तिच्या ओळखीत आहेत. कायद्याच्या नोंदीत त्यांपैकी गावच तेवढे मावते.