भरपाई बापाची, हक्क लेकराचा

एखादी रक्कम आपल्या नावावर येणार आहे, एवढ्यावरून ती सर्वस्वी आपली ठरते काय? अमेरिकेतील एका सरकारी व्यवस्थेमुळे हा प्रश्न मोठ्या कठीण स्वरूपात पुढे येतो.

तेथे आईबाप विभक्त झाले, की मूल ज्याच्यापाशी राहत नाही त्याने (बहुधा पित्याने) संगोपनाचा खर्च द्यावा, असा आदेश होतो. पुष्कळजण तो पाळत नाहीत. म्हणून १९७५ साली केंद्रीय कायद्याने राज्यांमार्फत वसुलीची यंत्रणा उभी राहिली. पुढे पगारातून परस्पर कपात होऊ लागली. थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली, तर आज पासपोर्टही नाकारला जातो. २००६ साली मंजूर झालेल्या कायद्याने आणखी एक मार्ग खुला केला. थकबाकीदारांची यादी विमा कंपन्यांकडील दावेदारांच्या नावांशी ताडून पाहायची, नाव जुळले की राज्याने त्या रकमेवर बोजा चढवायचा आणि कंपनीने पैसे देण्यापूर्वी थकलेला हिस्सा मुलासाठी वळता करायचा, अशी ही रीत आहे.

यावर आक्षेप येतो. अपघातात हात मोडला तो बापाचा, वेदना सोसल्या त्याने. मग भरपाईत इतरांचा वाटा कसा? हा आक्षेप पोकळ नाही. तथापि, मुलाची भूक थकबाकीत ठेवता येत नाही, हेही ध्यानी घेतले पाहिजे. बापाने पैसे दिले नाहीत, त्या महिन्यांतही मूल जेवले, शाळेत गेले, आजारी पडले. तो खर्च कुणीतरी केलाच. आईने जादा पाळी केली असेल, आजीने बांगडी मोडली असेल. म्हणजे हे ऋण अपघाताच्या आधीचे आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी ज्याचे त्याला देणे यालाच न्याय म्हटले. मुलाचा घास हा बापाचा परोपकार नव्हे. ते मुलाचे देणे आहे. मनात आले तर द्यावे, नाही तर राहू द्यावे, असा तो व्यवहारच नव्हे.

परंतु न्याय दोन्ही बाजूंनी तोलावा लागतो. न्यू जर्सी राज्याच्या कायद्यात वकिलाचा आणि औषधोपचाराचा खर्च वजा करून २,००० डॉलरहून अधिक उरले, तरच थकबाकीची वसुली होते. हे योग्यच आहे. जखमी माणसाच्या उपचाराचा पैसा काढून घेतला, तर तो पुन्हा कमावता होणार कसा? दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. आईने सरकारी मदत घेतलेली असेल, तर वसूल झालेली रक्कम अनेक राज्यांत सरकार स्वतःच्या खर्चापोटी ठेवून घेते; काही राज्ये ती पूर्णतः वा अंशतः कुटुंबाला देतात. मुलाच्या नावाने बापाचा खिसा रिकामा करायचा आणि मुलाच्या ताटात काहीच पडू द्यायचे नाही, याला न्याय कसे म्हणावे? शिवाय थकबाकीचा मोठा भाग अत्यल्प उत्पन्न असलेल्या पालकांच्या नावे आहे. देण्याची ऐपत नसलेला आणि ऐपत असून टाळणारा यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

आपल्याकडे वाट निराळी आहे. पूर्वीचे कलम १२५, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, यांन्वये मुलाला पोटगीचा हक्क आहे. पोटगीवरील दरमहा ५०० रुपयांची मर्यादा २००१ साली उठली. तथापि पोटगी थकली, तर देय तारखेपासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. थकबाकीदाराला शोधून काढणारी तशी सरकारी यंत्रणा येथे नाही. बाळाला कडेवर घेऊन कोर्टाच्या तारखा मोजते ती आईच.

सरकारने हात घालावा काय, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘होय’ असेच आहे. अट एवढीच, की घेतलेले मुलापर्यंत पोहोचावे आणि बापाच्या जगण्यापुरते त्याच्यापाशी राहावे. मात्र कोणतीही यादी रक्कमच वसूल करू शकते, पितृत्व नव्हे. आणि ती यादी निघण्यापूर्वी त्या बापाला ओळखणारे भाऊबंद, मित्र, शेजारी होतेच ना? सणाच्या पंगतीत हात सैल सोडणाऱ्याला ‘पोराची फी भरलीस का?’ असे विचारणे आपल्याला अवघड वाटते. ‘त्यांचा घरगुती प्रश्न’ म्हणून आपण मान फिरवतो. तो प्रश्न घरगुती असेलही. पण त्या घरातले मूल आपल्याच शेजारचे आहे.