कुठलाही परफ्यूम चालेल?



आजचं वाचन गीतेच्या नवव्या अध्यायातल्या 26व्या श्लोकाचं. पान, फूल, फळ, पाणी, जे काही भक्तीने दिलं ते मी आनंदाने घेतो, असं भगवंत तिथे सांगतात. हा श्लोक आपण व्यवहारात फार सोयीने वापरतो. लग्नाचा वाढदिवस आला, बायकोला सरप्राइज म्हणून परफ्यूम न्यायचाय, हातात वेळ नाही. मग पहिल्या दिसेल त्या बाटलीवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "भाव महत्त्वाचा!"

पण थांबा. "मला काहीही चालेल" हे वाक्य श्लोकात कोण म्हणतंय? घेणारा. देणाऱ्याने ते परस्पर ठरवून टाकायचं नसतं. शिवाय भगवंत पूर्ण आहे, त्याला काही कमी नाही. बायकोला मात्र नाक आहे, त्वचा आहे, उग्र वासाने चढणारं डोकं आहे. ती "छान आहे हं" म्हणेल आणि बाटली कपाटात जाईल.

आणि खरं सांगायचं तर पूजेतही आपण 'काहीही' वाहत नाही. शंकराला बेल, गणपतीला दुर्वा, विठोबाला तुळस. तुळशीइतकं पवित्र काय आहे? तरी भाद्रपदातली चतुर्थी सोडली तर गणपतीला ती वाहत नाहीत. केवड्याचा घमघमाट आपल्याला कितीही आवडो, तो पिंडीवर जात नाही. यामागच्या कथा वेगवेगळ्या आहेत, पण आजीने आपल्याला शिकवलं ते एवढंच की वस्तू चांगली असणं पुरेसं नाही, ती कोणापुढे ठेवतोय ते पाहायचं.

देवाला वाहायचं फूल आपण आधी हुंगत नाही, कारण तो वास त्याचा. परफ्यूमच्या दुकानात मात्र हुंगल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि गोची तिथेच आहे. हुंगणारं नाक आपलं. त्यात गंमत म्हणजे लावणाऱ्याचं नाक त्या वासाला लवकर सरावतं, त्याला तो जाणवेनासा होतो. येत राहतो तो जवळच्या माणसाला, म्हणजे आपल्यालाच! मग ही भेट तिला, की "तू अशी असावीस" ही आपली ऑर्डर, छान रिबन बांधून? (नवऱ्यासाठी घेणाऱ्या मैत्रिणींनो, हे तुम्हालाही.)

भागवताच्या दशम स्कंधातली कुब्जा आठवते? तिने सुगंधी उटी केली होती कंसासाठी, ते तिचं रोजचं काम. वाटेत कृष्णाने ती मागितली. तिने समोर पाहिलं आणि हिला योग्य हेच, असं ओळखून देऊन टाकली. उटी तीच होती, फक्त या वेळी तिने समोरच्याला नीट पाहिलं होतं. आपल्या घरातलं माणूस असं मागत नाही, म्हणून आपणच पाहायला हवं.

म्हणजे सरप्राइज सोडायचं का? मुळीच नाही. दिवस अचानक असू दे, आवड अचानक शोधायला जाऊ नका. तिची संपत आलेली बाटली पाहा. ती कोणता साबण पुन्हा आणते, गजरा मोगऱ्याचा घेते की अबोलीचा? कागदी पट्टीवरच्या पहिल्या वासावर भाळू नका. लिंबू-संत्र्यासारखा वास आधी उडतो, लाकडासारखा मागाहून उरतो. त्वचेवर तो आणखी वेगळा लागतो, म्हणून आधी लहान बाटली घ्या. पहिल्या पावसात खिडकीशी जाऊन उभं राहणारं माणूस असेल तर कनौजचं मिट्टी अत्तर बघा. भाजलेल्या मातीचा गंध चंदनाच्या तेलात उतरवून ते करतात. पृथ्वीतला सुगंध मीच, असं भगवंत सातव्या अध्यायात म्हणतात, ते वाचून त्याचा एक थेंब मनगटावर लावून पाहा.

आणि ती कायम अबोलीच माळत असेल, तर अबोलीला वास नसतो हेही लक्षात घ्या. कदाचित तिला परफ्यूम नकोच असेल.